भिऊन राहा

पाया पडायला वाकलं की मोठी माणसं 'सुखी राहा' म्हणतात, 'मोठी हो' म्हणतात. सांगलीतले आमचे घरमालक म्हणायचे, "भिऊन राहा."

मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले तेव्हा वडील शेजारीच उभे होते. कुंडलहून मला सोडायला आले होते. मी मॅट्रिक झाले होते, टायपिंगची परीक्षा दिली होती आणि सांगलीत एका कचेरीत नोकरी लागली होती. म्हणून गावभागातल्या त्या घरातली माडीवरची खोली वडिलांनी माझ्यासाठी भाड्यानं घेतली. तो आशीर्वाद ऐकून ते बघतच राहिले. मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले तेव्हा म्हणाले, "मालक जरा येगळाच हाय गं. पर बाई शाणी हाय. तिच्या नजरंखाली ऱ्हा."

मालकांना सगळी गल्ली तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागं 'पासंग' म्हणायची. साठीला टेकलेले, उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, आणि वैशाखातसुद्धा कोटाची सगळी बटणं लावलेली. पासंग, म्हणजे तागडीच्या दोन पारड्यांतला फरक, हे नाव बाजारातून आलं होतं. त्यांच्या खिशात शंभर ग्रॅमचं एक पितळी वजन असायचं, सरकारी छाप मारलेलं. वाण्याकडं गेले की आधी रिकामी तागडी धरायला लावायचे. काटा थांबेपर्यंत श्वास रोखून बघायचे. मग एका पारड्यात वाण्याचं वजन आणि दुसऱ्यात स्वतःचं. फरक निघाला तरी भांडायचे नाहीत. भांडणाची त्यांना फार भीती. "तुमचं वजन झिजलंय हो," असं खाली बघत, जवळजवळ माफी मागितल्यासारखं सांगायचे आणि निघून यायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. तिसऱ्या दिवशीही. शेवटी वाणीच कंटाळून नवं वजन आणायचा.

छापलेला कुठलाही कागद हातात आला की ते आधी उलटा करायचे. एसटीचं तिकीट, औषधाची पुडी, लग्नाची पत्रिका, काहीही. मी एकदा हसले तर म्हणाले, "मुली, कागदाची पुढची बाजू त्यांनी आपल्यासाठी छापलेली असते. मागची स्वतःसाठी. वाचायची ती मागची."

काकू वाईच्या. बोलायला मोकळ्या. त्या सांगायच्या, "आमच्या लग्नात भटजींना यांनी विचारलं, या वचनांची मुदत किती? भटजी म्हणाले, सात जन्म. तर हे म्हणतात, तसं कुठं लिहिलेलं आहे का?" काकू हसून लोटपोट व्हायच्या. काका हसायचे नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही.

एक गोष्ट मात्र काकू हसत सांगायच्या नाहीत. रस्त्यात चारपेक्षा जास्त माणसं गोळा झालेली दिसली की काका वाट बदलायचे. कितीही लांबचा वळसा पडो. गणपतीच्या मिरवणुकीचे दिवस ते आतल्या खोलीत काढायचे. का, ते मी एकदा विचारलं तेव्हा काकूंनी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले.

तरुणपणी काका साताऱ्याला एका बँकेत कॅशियर होते. तेव्हा कुणीही उठावं आणि बँक काढावी असे दिवस होते. विचारणारं कुणी नव्हतं. संचालकांनी ठेवी स्वतःच्याच धंद्यात घातल्या आणि धंदा बसला. गावात कुजबुज सुरू झाली. मॅनेजरनं काकांना सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, बँक भक्कम आहे. काका दिवसभर जाळीमागं बसून तेच म्हणत राहिले. एक म्हातारी पैसे काढायला आली होती. तिलाही त्यांनी तेच सांगून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे द्यायचे नाहीत असा हुकूम आला आणि बाहेर अख्खं गाव जमलं. गर्दीतून ती म्हातारी खिडकीशी आली. जाळीखालून हात आत घातला आणि तिनं काकांचं मनगट धरलं. शिव्या नाहीत, रडणं नाही. नुसतं धरून ठेवलं आणि त्यांच्याकडं बघत राहिली. लोकांनी दार मोडलं तेव्हा कुठं तो हात सुटला.

"तेव्हापासून असे झालेत," काकू म्हणाल्या. "त्या आधी चांगले नाटकात काम करायचे."

मी ज्या कचेरीत कामाला होते ती बक्षीस योजनेची कचेरी होती. तेव्हा अशा योजना गावोगावी निघाल्या होत्या. सभासदानं महिन्याला वीस रुपये हप्ता भरायचा, पाच वर्षं. दर महिन्याला सोडत निघायची. ज्याचं नाव निघेल त्याला शिलाई मशीन नाहीतर लोखंडी कपाट, वर्षातून एकदा स्कूटर, आणि पुढचे हप्ते माफ. ज्यांचं नाव कधीच निघणार नाही त्यांना पाच वर्षांनी भरलेले पैसे आणि वर थोडा बोनस. सगळं इतकं सरळ वाटायचं. पेठेत पहिल्या मजल्यावर कचेरी होती आणि खाली रस्त्यालगत काचेचं शोकेस. त्यात ती स्कूटर उभी असायची, हार घातलेली.

पावत्या फाडायचं काम माझं. सही माझी. साहेब म्हणायचे, "बायका सभासद जास्त आहेत. बाईमाणसाची सही बघितली की त्यांना आपलं वाटतं." साहेब बाहेरगावचे, चाळिशीचे, गोड बोलणारे. प्रत्येक सभासदाच्या पोरांची नावं त्यांना पाठ. माझ्या आईचं मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तेव्हा मी न मागता त्यांनी पैसे दिले. "सवडीनं फेडा, बाई," म्हणाले. मला ते देवमाणूस वाटायचे.

हप्ते भरायला येणाऱ्यांत कडेगावची हौसाबाई होती. नवरा फौजेत, सरहद्दीवर. त्याची मनीऑर्डर आली की त्यातले वीस रुपये घेऊन ती एसटीनं सांगलीला यायची. तिला शिलाई मशीन हवं होतं. दर खेपेला कचेरीतल्या मशीनच्या चाकावरून हात फिरवायची. म्हणायची, "ताई, धन्याला म्या सांगितल्यालं न्हाई बरं का. सुट्टीवर येतील तवा एकदम मिशीनच दावायचं."

एका रविवारी काकांनी माझ्याकडं पावतीपुस्तक मागितलं. माझ्याजवळ एक रिकामं होतं. त्यांनी अर्थातच पावती उलटी केली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात नियम होते. मी हजारो पावत्या फाडल्या होत्या, मागची बाजू एकदाही वाचली नव्हती. काकांनी भिंग लावून वाचलं, 'सलग तीन हप्ते चुकल्यास सभासदत्व रद्द होऊन भरलेली रक्कम जप्त होईल.'

"असे किती जणांचे चुकतात?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत."

"मोज." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि आणखी एक विचारून ये. बँकांच्या डोक्यावर आता सरकार बसलंय. तपासनीस येतात, वह्या उघडायला लावतात. तुमच्या साहेबांच्या डोक्यावर कोण बसलंय?"

मी मोजले. दहातल्या चार जणांचे तरी चुकलेले होते. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाची मनीऑर्डर उशिरा. त्यांचे पैसे परत गेलेच नव्हते. मग मी मूर्खासारखी साहेबांच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, "साहेब, आपल्याला ठेवी घ्यायचा परवाना कुणाचा असतो?"

साहेब लिहीत होते. पेन थांबलं. चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं. फक्त डोळे माझ्यावर आले आणि हलेनात.

"तुम्हाला कुणी विचारायला सांगितलं, बाई?"

"कुणी नाही. सहज."

"बरं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आईचे टाके निघाले ना? दुखत तर नाहीत? कुंडलला एकट्याच असतात ना दुपारी, वडील शेतात गेले की?"

शब्दांत काहीसुद्धा वावगं नव्हतं. पण दुपारी आई एकटी असते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

काकांना मी हे सांगितलं. मला वाटलं आता हा भित्रा माणूस म्हणेल, सोड नोकरी, जा गावी. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुढची सोडत कधी आहे?"

सोडत रविवारी दुपारी एका मंगल कार्यालयात असायची. तीन-चारशे माणसं. बायका पुढं सतरंजीवर, पुरुष मागं उभे. मी व्यासपीठावर चिठ्ठ्यांच्या पिंपाजवळ उभी होते. साहेब भाषणाला उठले आणि मला दारात काळी टोपी दिसली.

काका आत आले. भिंतीला पाठ घासत, सरकत सरकत अर्ध्यापर्यंत आले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. चारशे माणसांत ते का आले असतील ते माझ्या लक्षात आलं.

"मला एक विचारायचं आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की शेजारच्यांनाच ऐकू गेला असेल. मग पुन्हा, मोठ्यानं, चिरका. "मला विचारायचं आहे. हे पैसे कुठं ठेवलेत? कुठल्या बँकेत, कुणाच्या नावावर?"

साहेब हसले. "आजोबा, आपण सभासद आहात का?"

"नाही. म्हणजे, पावतीच्या मागं लिहिलंय... तीन हप्ते चुकले की... वाचा हो, तुम्ही सगळे मागची बाजू वाचा..."

"ज्यांना आपली योजना बुडावी असं वाटतं," साहेब लोकांना म्हणाले, "ते असे येतात. योजना बुडाली तर नुकसान कुणाचं? माझं का तुमचं?"

मग गर्दी उलटली. मला वाटतं, लोकांना काकांचा राग आला नव्हता, त्यांना भीती वाटली होती. आतापर्यंत जी भीती कुणीच बोलून दाखवली नव्हती ती या माणसानं बोलून दाखवली होती. "भाईर काढा त्याला!" कुणीतरी ओरडलं. पुढच्या रांगेत हौसाबाई उठून उभी राहिली. "आवं, बसा की खाली! चांगलं चाललंय त्यात कशाला इघ्न आणताय?" मागच्या पुरुषांनी काकांना धरलं. टोपी पडली, चष्मा पडला आणि पायाखाली गेला. ढकलत दाराकडं नेताना मी बघितलं, त्यांचं धोतर पुढून ओलं झालं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. काही जण हसले.

आणि मी पिंपाजवळ उभी होते. मी खाली उतरले नाही. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "चला बाई, पहिली चिठ्ठी काढा," आणि मी काढली.

त्या दिवशी घरी जायची मला लाज वाटत होती. काका ओसरीवर बसले होते. आंघोळ करून दुसरं धोतर नेसलेले, चष्म्याविना ओळखू न येणारे. मी रडायला लागले. ते म्हणाले, "तू उतरली नाहीस ते चांगलं केलंस. दोघांनाही हाकललं असतं तर आत कोण राहिलं असतं?"

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझं रडणं थांबलं. असे लोक पळतात तेव्हा पैशाआधी वह्या नेतात. वह्या गेल्या की कुणी किती भरले ते सांगणारं काही उरत नाही. बायकांनी पावत्या कुठं ठेवल्या असतील, किती जणींच्या चुलीत गेल्या असतील, उंदरांनी खाल्ल्या असतील. "सभासदांची नावं उतरून घे. नाव, गाव, हप्ते. मी साताऱ्याला हे केलं नाही. मला सुचलं होतं, पण भीती वाटली."

"मलाही वाटते."

"वाटू दे. हात तर चालतोय ना?"

दुपारी साहेब जेवायला जायचे तेवढा पाऊण तास माझा. शाळेची वही, बारीक अक्षर. रोज चाळीस-पन्नास नावं. जिन्यावर पाऊल वाजलं की वही पावतीपुस्तकाखाली सारायचे. त्यातच घरासमोर एक सायकलवाला यायला लागला. चिंचेखाली सायकल टेकवून दिवसभर शेंगा खात बसायचा, आमच्या दाराकडं बघत. काही बोलायचा नाही. संध्याकाळी टरफलांचा ढीग सोडून निघून जायचा. काकू रोज तो ढीग झाडायच्या.

एक दिवस साहेब जेवून लवकर आले. मी वही कशीबशी डब्याच्या पिशवीत कोंबली, भाकरीच्या फडक्याखाली. साहेब माझ्या टेबलाशी थांबले. पिशवी जमिनीवर होती. त्यांनी ती वाकून उचलली.

"अन्न असं खाली ठेवू नये, बाई," म्हणाले आणि पिशवी हातात तोलत उभे राहिले. "जड आहे. काय आणलंय आज?"

"झुणका-भाकरी."

"अजून जेवला नाहीत?"

"भूक नव्हती."

त्यांनी पिशवीत बघितलं नाही. टेबलावर ठेवली. "आता जेवा," म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. मी फडकं अर्धवट उघडलं, वहीवर एक हात दाबून ठेवला आणि दुसऱ्या हातानं भाकरी तोडली. त्यांच्यासमोर ती अख्खी भाकरी मी खाल्ली. एकाही घासाची चव कळली नाही. ते आईबद्दल बोलत होते.

सहा वह्या भरल्या. काकांनी त्या कुठं ठेवल्या ते मला सांगितलं नाही. म्हणाले, "माहीत नसलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही."

तेव्हा जनता सरकार होतं आणि असल्या योजनांवर बंदी घालणारा कायदा दिल्लीत होणार अशा बातम्या पेपरात येत होत्या. साहेब म्हणायचे, कायदे होतातच, आपल्याला काही होत नाही. त्या महिन्यात त्यांनी तीन हप्ते एकदम भरणाऱ्याला स्टीलचा डबा भेट ठेवला. लोकांनी उड्या टाकल्या. हौसाबाईसुद्धा साठ रुपये भरून डबा घेऊन गेली. हे नवे हप्ते मी रोज चिठ्ठीवर उतरून घरी नेत होते आणि काका ते वहीत चढवत होते.

पुढच्या सोमवारी मी कामाला गेले तर शोकेस रिकामं होतं. स्कूटर नाही, हारही नाही. वरच्या दाराला कुलूप. अकरापर्यंत जिन्यात माणसं बसली होती, बारापर्यंत रस्त्यात. मी मागच्या बोळातून घर गाठलं. लोकांना साहेबांचा पत्ता ठाऊक नव्हता. पण पावतीवर सही माझी होती, आणि मी कुठं राहते ते पेठेतल्या कुणीही सांगितलं असतं.

दुपारी ते आले. आधी आवाज आला, पुरात नदीचा यावा तसा. मी माडीवर धान्याच्या पिंपांमागं जाऊन बसले. काकू दाराला आतून पाट लावत होत्या. फटीतून मला खालची ओसरी आणि तिच्यापलीकडचं दार दिसत होतं. काका कोटाची बटणं लावत होते आणि दर खेपेला एक चुकत होतं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "त्या बाईला भाईर काडा, न्हाईतर घर पेटवू!" दारावर काहीतरी येऊन आदळलं.

काका काकूंना म्हणाले, "टेबल धर."

"कशाला?"

"बाहेर ठेवायचंय. उघड दार."

 काकूंनी पाट काढला. दोघांनी ओसरीवरचं लहानसं टेबल आणि खुर्ची बाहेर ओट्यावर नेली. काका आत गेले आणि सहा वह्या घेऊन आले. बाहेर खुर्चीवर बसले. गर्दी दोन हातांवर होती. 

"पैसे माझ्याकडं नाहीत," ते म्हणाले. आवाज त्या दिवशीसारखाच चिरका. "पैसे मिळतील असंही मी म्हणत नाही. तसं मी एकदा खोटं बोललोय, पुन्हा बोलणार नाही. पण तुम्ही प्रत्येकानं किती भरले ते या मुलीनं जिवावर उदार होऊन उतरून ठेवलंय. वह्या एवढ्याच आहेत. घर पेटलं तर याही जळतील. रांग लावा. मी एकेकाचं वाचून दाखवतो."

कुणी हललं नाही. एक दगड आला आणि खांबाला लागला. मग गर्दीतून हौसाबाई पुढं आली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. मला वाटलं ती टेबल उलथणार.

"त्या दिशी ह्यास्नी मीच खाली बसा म्हनलं हुतं," ती लोकांकडं वळून म्हणाली. "आता मीच पयली हुबी ऱ्हाते. वाचा भाऊ."

काकांनी वही डोळ्यांजवळ धरली. नवा चष्मा अजून झाला नव्हता. "हौसाबाई. मुक्काम कडेगाव. बावीस हप्ते. शेवटचे तीन एकदम."

"बावीस," ती म्हणाली. "बराबर हाय. बावीसच." आणि मग ओट्याच्या पायरीवर बसून तिनं हंबरडा फोडला. "धन्याला काय सांगू वं आता? त्यो तिकडं बरफात हुबा हाय!"

तिच्यामागं दुसरी आली. मग तिसरा. दिवेलागणीपर्यंत काका नावं वाचत होते. शेवटी शेवटी आवाज गेला तेव्हा काकू वाचायला लागल्या.

दोन दिवसांनी पोलीस आले, ते मात्र माझ्यासाठी. फौजदारांनी पावत्यांचा गठ्ठा पुढं टाकला. "सही तुमचीच ना?" माझीच होती. मी गुन्ह्यात सामील नाही हे ठरवणार कोण? ठाण्यातल्या बाकावर मला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवलं. काका दोन्ही दिवस शेजारी बसून होते. तेही घाबरलेले होते. कुणी बूट वाजवत गेलं की दचकायचे. वडील कुंडलहून आले आणि माझ्याकडं बघून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

माझं नाव आरोपींत घातलं होतं, सुटकेला जामीन लागत होता. काका आयुष्यात कुणाला जामीन राहिले नव्हते, सख्ख्या भावालासुद्धा नाही. जामीनकीचा कागद त्यांनी पाऊण तास वाचला. फौजदार वैतागले. घर तारण लिहून द्यायचं होतं, एवढं एकच तर होतं त्यांच्याकडं. वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं. हात इतका थरथरत होता की पहिली सही बिघडली. दुसरा कागद आणावा लागला. दुसऱ्या खेपेला त्यांनी डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरला आणि सही केली.

वडील त्यांच्या पायावर डोकं ठेवायला गेले. काका मागं सरकले. "अहो, नको. तारीख चुकवू देऊ नका तिला, एवढं बघा. घर जाईल माझं."

मी एकही तारीख चुकवली नाही. साहेब सात महिन्यांनी दुसऱ्या राज्यात सापडले, तिथंही शोकेसमध्ये स्कूटर उभी करून. कचेरीतल्या वह्या त्यांनी जाळल्या होत्या. म्हणून माझ्या सहा वह्या कोर्टात गेल्या आणि मी आरोपी होते ती सरकारी साक्षीदार झाले. मी पिंजऱ्यात उभी राहून साक्ष देत होते तेव्हा साहेब माझ्याकडं बघत होते, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं. मी काकांकडं बघून बोलले. ते मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. साहेबांना शिक्षा झाली. त्यांचं घर आणि दोन जागा सरकारनं विकल्या आणि वह्यांतल्या नावांप्रमाणे वाटप झालं. निम्म्याहून थोडे कमी पैसे मिळाले. तीन हप्ते चुकले म्हणून ज्यांचे जप्त झाले होते, त्यांनाही त्याच हिशेबानं मिळाले. हौसाबाईच्या नवऱ्याला सगळं कळलं होतं. तो आला, चार दिवस बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी स्वतः तिला घेऊन कोर्टात येऊन बसला.

वाटपाच्या दिवशी हौसाबाई सरकारी कचेरीतून थेट काकांच्या घरी आली. नोटा पदराच्या गाठीत. "भाऊ, आता हे कुटं ठिऊ? घरात ठेवलं तर संपत्यात. कुनाला द्यावं तर भ्या वाटतं."

काकांनी कोट चढवला. मला म्हणाले, "तूही चल." आम्ही तिघं पोस्टात गेलो. खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा काका पुढं झाले आणि कारकुनाला विचारायला लागले. पासबुक आत्ता मिळणार की नंतर? शिक्का कुठला मारणार? हिचा अंगठा आहे, उद्या दुसऱ्याच कुणाच्या अंगठ्यावर पैसे निघाले तर जबाबदारी कुणाची? व्याज कधी धरतात? नियम लिहिलेला कागद आहे का? कारकून भला माणूस होता. उत्तरं देत होता. मागची माणसं मात्र कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, पोस्ट विकत घेताय का?"

हौसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं काकांच्या हातातला अर्ज ओढला आणि अंगठा शाईत बुडवला.

"आता बास करा वं भाऊ," ती म्हणाली. "कुटंतरी इस्वास ठेवायलाच पायजे का न्हाई माणसानं?"

काका तिच्याकडं वळले. इतकं शांत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"ठेवायलाच पाहिजे, बाई," ते म्हणाले. "म्हणून तर एवढं विचारतोय."

आणि पुन्हा खिडकीकडं वळून म्हणाले, "हां, व्याजाचं काय म्हणालात तुम्ही?"